दोन वेळापत्रकांचा मेळ

जून-जुलैत महाविद्यालये सुरू झाली की सूचनाफलकावर वेळापत्रक लागते. तास कधी, प्रात्यक्षिके कधी, अंतर्गत चाचण्या कधी, सत्रपरीक्षा कोणत्या महिन्यात, हे सगळे त्यावर असते. दीर्घकाळचा आजार सोबत घेऊन शिकणाऱ्या मुलामुलींजवळ याशिवाय आणखी एक वेळापत्रक असते, पण ते कुठल्याच फलकावर लागत नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ते दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन टोचण्याचे आणि त्या हिशेबाने खाण्याचे असते. अपस्मारात ते ठरलेल्या वेळी घ्यायच्या गोळीचे आणि पुरेशा झोपेचे असते. थॅलेसेमियात दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवून घेण्याचे असते, तर दम्यात श्वास मोकळा असतानाही रोज पंप ओढण्याचे. अशा विद्यार्थ्यांबद्दल बोलताना आपण सहसा धैर्य, जिद्द, सोसणे असे शब्द वापरतो. ते शब्द खोटे नाहीत, पण त्यांनी प्रश्नाची उकल होत नाही. प्रश्न आहे दोन वेळापत्रकांचा मेळ घालण्याचा. शरीराच्या वेळापत्रकाला विनंती करता येत नाही. महाविद्यालयाचे वेळापत्रक माणसांनी केलेले असते, त्यामुळे त्यात जागा करता येते. विद्यार्थ्याने पहिले वेळापत्रक नीट ओळखावे आणि संस्थेने दुसऱ्यात त्याला जागा द्यावी, एवढे झाले तर दीर्घ आजार असलेला विद्यार्थी इतरांसारखाच पदवी घेऊन बाहेर पडू शकतो, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासून पाहायला सोलापूर ही चांगली जागा आहे. इथले विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 रोजी सुरू झाले आणि 2019 पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव घेऊन उभे आहे. त्याआधी जिल्ह्यातली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता परीक्षेचा, हजेरीचा, सवलतीचा निर्णय जिल्ह्यातच, पुणे महामार्गावरच्या केगावात होऊ शकतो. हे विद्यापीठ अकरा तालुक्यांच्या एकाच जिल्ह्याचे आहे. याच शहरात 1963 साली सुरू झालेले, आता शासकीय असलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडलेले मोठे सर्वोपचार रुग्णालय आहे. म्हणजे नियम करणारी संस्था आणि आजार जाणणारी संस्था एकाच गावात आहेत. विद्यार्थी मात्र चारी दिशांनी येतात. कुणी अक्कलकोटहून, कुणी मोहोळहून एसटीने रोज ये-जा करते, कुणी वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहते. कुणाच्या घरात यंत्रमाग चालतो आणि सुताची भुरी हवेत असते, कुणाची आई घरी विड्या वळते आणि तंबाखूचा खकाणा खोलीत साचतो. दमा असलेल्या मुलीला त्याच खोलीत अभ्यास करायचा असतो. घरात बोलायची भाषा मराठी असेल, तेलुगू, कन्नड किंवा उर्दूही असेल, आणि डॉक्टरांनी पंपाबद्दल सांगितलेले आईवडिलांपर्यंत त्या भाषेत पोहोचले तरच उपयोगाचे. आजार सगळीकडे सारखाच असला तरी तो सांभाळावा लागतो तो अशा घरांत आणि अशा रस्त्यांवर.

शरीराचे वेळापत्रक म्हणजे काय, हे समजायला एक परीक्षेची सकाळ जवळून पाहू. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, म्हणून ते बाहेरून घ्यावे लागते. सरकारी रुग्णालयांत आणि कमी खर्चाच्या उपचारांत अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे साधे इन्सुलिन टोचल्यावर सुमारे अर्ध्या तासाने काम सुरू करते, दोन ते चार तासांनी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सहा-आठ तासांपर्यंत त्याचा परिणाम उरतो. सकाळी आठला इन्सुलिन घेऊन, चार घास खाऊन निघालेल्या विद्यार्थिनीच्या रक्तात हा जोर दहा ते बारा या वेळात येणार. एसटी उशिरा आली, घाईत नाश्ता अर्धा राहिला, पेपर अकराला सुरू झाला, की साखर उतरू लागते. ती 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते. 54 च्या खाली गेली की मेंदूला साखर पुरत नाही. तोच प्रश्न तीनदा वाचला तरी कळत नाही, पाठ असलेला शब्द आठवत नाही, अक्षर वेडेवाकडे होते. यावरचा उपाय तीन चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज, मग पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासणी. पेढा किंवा चॉकलेट इथे तितके चालत नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. साखरेची पुडी खिशात असेल तर सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे नुकसान होते. पुडी दप्तरात, दप्तर वर्गाबाहेर आणि पर्यवेक्षक बाहेर जाऊ देत नसतील, तर पेपर हातचा जातो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला त्यात फक्त अर्धवट अभ्यास दिसतो.

ही अडचण देशातल्या मोठ्या परीक्षांनी ओळखली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2017 साली दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे, थोडे खाणे आणि पाणी परीक्षागृहात नेण्याची मुभा दिली. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मुख्य परीक्षेतही मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, केळे-सफरचंदासारखे फळ आणि पारदर्शक बाटलीतले पाणी जवळ ठेवता येते. अत्यंत कडक बंदोबस्तात होणाऱ्या आणि जागेगणिक चुरस असलेल्या परीक्षेत केळे चालते, तर पदवीच्या सत्रपरीक्षेत न चालण्याचे काहीच कारण नाही. अशी परवानगी दरवेळी त्या-त्या केंद्रावरच्या पर्यवेक्षकाच्या मनावर अवलंबून राहू नये. ती लेखी असावी आणि आसन क्रमांकासोबतच केंद्रावर पोहोचलेली असावी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुतेक वेळा प्रेमापोटी घरातूनच येतो. ‘तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. आता पदवी होऊ दे, तब्येतीकडे मग बघू.’ या आक्षेपाला उत्तर द्यायला भक्कम पुरावा उपलब्ध आहे. अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 या काळात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या 1,441 जणांचा मोठा अभ्यास झाला. त्यांची वये 13 ते 39 होती, म्हणजे महाविद्यालयीन वय बरोबर त्यात येते. एका गटाने नेहमीचे उपचार घेतले, दुसऱ्याने साखर वारंवार तपासून इन्सुलिनच्या मात्रा काटेकोर जुळवल्या. काटेकोर गटात डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी, मज्जातंतूंच्या इजेचा सुमारे 60 टक्क्यांनी आणि मूत्रपिंडाच्या इजेचा सुमारे 50 टक्क्यांनी घटला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अभ्यास संपल्यावर कळली. पुढे दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी ती ताब्यात ठेवली होती त्यांना त्याचा फायदा नंतर अनेक वर्षे मिळत राहिला. शरीर त्या वर्षांची आठवण ठेवते. म्हणून अठराव्या ते एकविसाव्या वर्षातली साखर ही पुढे ढकलायची बाब नाही. त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली. काटेकोर उपचारांच्या गटात साखर एकदम उतरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिप्पट होते. जो विद्यार्थी तब्येतीची अधिक काळजी घेतो, त्यालाच परीक्षागृहात साखरेची पुडी अधिक लागते. चांगल्या उपचारांचा मार्ग महाविद्यालयाच्या मदतीवाचून पुरा होत नाही, हे या आकड्यातून दिसते.

दुसरा आक्षेप जिद्दीचा. ‘मनात आणले तर आजार आडवा येत नाही’ असे सांगणारे सगळीकडे भेटतात. सोलापूरला जिद्दीचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी याच गावात झाला. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. युद्धात जखमी झालेल्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, 1941 च्या जानेवारीत बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद घेतले, चिनी भाषा शिकून विद्यार्थ्यांना शिकवले, शल्यचिकित्सेवर पाठ्यपुस्तके लिहायला घेतली. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी ते गेले. त्यांची सेवा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, पण मृत्यूचे कारण फारसे सांगितले जात नाही. त्यांना अपस्माराचे झटके येत होते आणि अपस्मारानेच त्यांचा अंत झाला. ते स्वतः डॉक्टर होते, आजाराचे ज्ञान होते, आणि जिद्द तर अशी की आठ दशकांनंतरही दोन देश ती आठवतात. युद्धभूमीवर विश्रांती नव्हती, झोप नव्हती, औषधांचा तुटवडा होता. अपस्मारात या गोष्टींची जागा मनोबल घेऊ शकत नाही. कोटणीसांचे आयुष्य आपल्याला सेवा शिकवते. त्यांच्या मृत्यूतून घ्यायचा धडा असा, की सर्वांत धैर्यवान माणसालाही ठरलेली गोळी आणि पुरेशी झोप लागतेच.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. नीट उपचार मिळाले तर अपस्माराचे सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातली कळीची गोष्ट गोळी न चुकवणे. आणि गोळी चुकण्याचा, रात्री जागण्याचा काळ कोणता, तर परीक्षेचा. आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास बहुतेकांच्या अंगवळणी पडलेला असतो, पण अपस्मार असलेल्या विद्यार्थ्यासाठी ती जागरणेच झटक्याला आमंत्रण देतात. म्हणून त्याने अभ्यास महिनाभर आधी आटोपता ठेवावा, हा सल्ला आळशीपणावरचा नसून उपचाराचाच भाग आहे. एकाच दिवशी दोन पेपर किंवा सलग चार दिवस चार पेपर असे वेळापत्रक लावताना परीक्षा विभागाने हे ध्यानात घेतले, तर त्याचा फायदा सगळ्याच विद्यार्थ्यांना होईल.

आता हजेरीचा हिशेब करू, कारण सर्वाधिक अडवणूक तिथे होते. सत्राचे कामाचे दिवस साधारण 90 धरले जातात आणि 75 टक्के हजेरी लागते. म्हणजे 68 दिवस यावे लागते आणि 22 दिवस हाताशी राहतात. आठवड्याला सहा दिवस धरले तर 90 दिवसांचे 15 आठवडे होतात. थॅलेसेमिया असलेल्या विद्यार्थ्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागत असेल तर सत्रात पाच वेळा. रक्त जुळवण्यासाठी नमुना देण्याचा एक दिवस आणि प्रत्यक्ष रक्त चढवण्याचा एक, असे दोन दिवस धरले तर दहा दिवस जातात. एकदाही ताप न येता, एकदाही एसटी न चुकता, जवळजवळ निम्मी मुभा संपली. शरीरातले साचलेले लोह, हृदय, यकृत यांच्या तपासण्या वेगळ्याच. हे दिवस त्याने ठरवून बुडवलेले नसतात, पण अचानक आलेलेही नसतात. पुढच्या तीन महिन्यांत ते कोणत्या आठवड्यात येणार, हे सत्राच्या पहिल्याच दिवशी त्याला सांगता येते. जे आधी ठाऊक आहे त्याची नोंद आधी करून घेणे आणि त्या दिवसांचे तास व प्रात्यक्षिके भरून काढण्याची सोय ठरवणे, एवढेच संस्थेला करायचे आहे. हजेरीपत्रकात ‘गैरहजर’ आणि ‘उपचारासाठी, पूर्वसूचनेने’ हे दोन वेगळे रकाने असणे न्यायाचे आहे.

कायदा या बाबतीत कुठवर आला आहे, तेही पाहू. 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 21 केले. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, दीर्घकालीन चेताविकार आणि मानसिक आजार यांना स्थान मिळाले. पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि दमा मात्र त्या यादीत नावाने नाहीत. यादीतल्यांनाही अनेक लाभांसाठी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. पण दीर्घ आजाराची अडचण टक्क्यांत मावत नाही. दमा असलेली विद्यार्थिनी वर्षातले 350 दिवस कुणाहून कमी नसते आणि उरलेल्या पंधरांत तिला जिना चढवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात याच मुद्द्यावर महत्त्वाचा निकाल दिला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला, दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून कमी म्हणून, लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले की वाजवी सोय हा हक्क आहे आणि तो 40 टक्क्यांच्या उंबरठ्याला बांधता येणार नाही. प्रत्येकाची गरज पाहून सोय ठरवायची असते. हा निकाल लेखनिकापुरता असला तरी त्यातला विचार विद्यापीठांना दिशा देणारा आहे. यादीत नाव आहे का, हे विचारण्याआधी या विद्यार्थ्याला नेमकी कशाची गरज आहे, हे विचारावे.

यावर अध्यापक आणि विद्यार्थी दोघेही एक आक्षेप घेतात. सवलती दिल्या की खोटी प्रमाणपत्रे येतील आणि प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्यांवर अन्याय होईल. ही भीती निराधार म्हणता येत नाही. खोट्या प्रमाणपत्रांचे प्रकार महाराष्ट्राने पाहिले आहेत. तरी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. आरक्षणाची जागा किंवा वाढीव गुण यांत दुसऱ्याचे काहीतरी जाते, म्हणून तिथे पडताळणी कडकच हवी. खिशातली साखर, टेबलावरचा पंप, गोळी घ्यायला दोन मिनिटे, स्वच्छतागृहात जाण्याची मुभा, चुकलेल्या चाचणीसाठी दुसरी तारीख यांत कुणाचा एक गुणही जात नाही. ग्लुकोमीटर हातात असल्याने कुणाला उत्तर सुचत नाही. साखर मोजणारा संवेदक मोबाइलला जोडलेला असेल तर मात्र खरी अडचण येते, कारण परीक्षागृहात मोबाइल नको हे योग्यच आहे. तिथे वेगळे वाचनयंत्र वापरणे, ते नसल्यास मोबाइल पर्यवेक्षकाच्या टेबलावर ठेवून त्यांच्यासमोर आकडा पाहणे असा मार्ग निघतो. आणि गैरवापराच्या शक्यतेमुळे गरजूंचा हक्क नाकारता येत नाही, हे वरच्या निकालातच न्यायालयाने स्पष्ट केले आहे. प्रमाणपत्र तपासण्याचे काम शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांकडे दिले, तर प्राचार्यांवरचे ओझेही उतरेल.

‘महाविद्यालय म्हणजे दवाखाना नव्हे’ हाही एक आक्षेप आहे, आणि तो बरोबर आहे. प्राध्यापकाने इन्सुलिनची मात्रा सांगू नये, गोळी बदलायला सांगू नये. त्याच्याकडून अपेक्षा फार थोडी आहे. झटका आला तर विद्यार्थ्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा बोटे घालू नयेत, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने झटका थांबत नाही. तो आपला आपण थांबतो, आणि हुंगवण्याच्या धांदलीत करायच्या गोष्टी राहून जातात. झटका पाच मिनिटांहून लांबला किंवा शुद्ध न येता दुसरा आला तर 108 ला फोन करावा. एवढे शिकायला अर्धा तास पुरतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना हे प्रशिक्षण वर्षातून एकदा दिले, तर प्रत्येक महाविद्यालयात पंधरा-वीस जाणकार हात तयार होतील.

सर्वांत अवघड आक्षेप विद्यार्थ्यांचा स्वतःचा असतो. सांगितले तर लोक काय म्हणतील? लग्न ठरताना अडेल का? ही भीती मुलींच्या बाबतीत अधिक असते आणि तिला इतिहास आहे. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे विवाहातल्या अपात्रतेचे एक कारण म्हणून लिहिलेले होते. 1999 च्या दुरुस्तीने ते काढले गेले. कायद्यातून गेलेली गोष्ट मनांतून जायला वेळ लागतो, म्हणून ‘मोकळेपणाने सांगा’ असा उपदेश करून भागत नाही. सांगण्याची रीत बदलायला हवी. डॉक्टरांच्या पत्रात आजाराचे नाव असायलाच हवे असे नाही. ‘या विद्यार्थिनीस परीक्षेदरम्यान साखर, पाणी व तपासणीचे यंत्र जवळ ठेवणे आवश्यक आहे’ किंवा ‘या विद्यार्थ्यास सत्रात अंदाजे दहा दिवस नियोजित उपचारासाठी गैरहजर राहावे लागेल’ एवढे वाक्य पुरते. त्यातून संस्थेला करण्यासारखे काय ते कळते आणि कुजबुजीला विषय मिळत नाही. आजाराचे नाव एका जबाबदार अध्यापकाला आणि बरोबर राहणाऱ्या एका विश्वासू मित्राला किंवा मैत्रिणीला मात्र ठाऊक असावे. रात्री दोन वाजता खोलीत झटका आला किंवा साखर उतरली, तर धावून येणारे तेच असतात.

विद्यार्थ्याच्या वाट्याचे कामही कमी नाही. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या वरचा पारा, आणि उन्हाळी सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास. वापरात घेतलेली इन्सुलिनची कुपी साधारण 30 अंशांच्या आत ठेवून चार आठवड्यांत संपवायची असते. वसतिगृहाच्या खोलीत फ्रीज नसतो आणि पत्र्याखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापते. इथे कुंभारवाड्यातला उपाय कामाचा आहे. एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवावे, मधल्या फटीत वाळू भरून ती ओली राखावी, कुपी कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके झाकावे. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते, आणि सोलापूरची हवा कोरडी असल्याने हा गारवा इथे चांगला साधतो. बर्फात ठेवलेले इन्सुलिन गोठते आणि गोठलेले वाया जाते. उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिकीत तर ते कधीच ठेवू नये.

खाण्याचा हिशेबही इथल्याच ताटावर करायला हवा. भाकरी साखरेला चांगली म्हणून कितीही खाल्ली तर चालते, हा समज दूर करावा लागेल. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 70 ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणून भाकऱ्या मोजूनच इन्सुलिन ठरते. सोलापूरची कडक भाकरी या कामी सोयीची, कारण ती प्रवासात टिकते आणि प्रत्येक नगाचा आकार जवळपास सारखा असतो. सोबत शेंगाचटणी असली की खानावळ बंद असली तरी जेवण चुकत नाही. एकादशीचा उपास आणि रमजानचा रोजा हे श्रद्धेचे विषय आहेत. इन्सुलिनवर असलेल्या विद्यार्थ्याने ते धरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. दिवसभर निर्जळ राहण्याने साखर उतरते आणि साबुदाण्याच्या भरल्या ताटाने ती चढते, दोन्हींत धोका आहे.

औषध नियमित घेणे हे कुणालाच सोपे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घ आजारांचे साधारण निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. तेव्हा एखादी मात्रा चुकली म्हणून अपराधी वाटून घेण्यापेक्षा ती कशामुळे चुकली ते वहीत लिहावे. गोळी ताटाशी किंवा दात घासण्याशी जोडली तर ती लक्षात राहते, वर्गाच्या तासाशी जोडली तर सुटीच्या दिवशी विसरते. दम्याच्या पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. रोजचा प्रतिबंधक पंप श्वासनलिकांची सूज कमी ठेवतो, आणि तो सोडला की तात्काळ आराम देणाऱ्या दुसऱ्या पंपावरचा भार वाढतो. मनाकडेही पाहायला हवे. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. रोजच्या सुया, आकडे आणि हिशेब यांनी थकवा येतो, आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते. तिचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

एवढे करूनही एखाद्या सत्रात आजार वरचढ ठरेल. तेव्हा ‘आधी बरा हो, मग शीक’ असे म्हणणाऱ्यांना एक साधी गोष्ट सांगावी लागते. यांतले बरेच आजार पूर्ण बरे होऊन जाणारे नाहीत, त्यामुळे बरे होण्याची वाट पाहणे म्हणजे शिक्षण सोडणेच. 2021 पासून देशात शैक्षणिक श्रेयांक बँक आहे. मिळवलेले श्रेयांक तिच्यात सात वर्षांपर्यंत जपले जातात. त्यामुळे एक सत्र थांबून पुढच्या वर्षी तिथूनच पुढे जाण्याचा मार्ग आता खुला आहे. तो वापरणे म्हणजे हार नव्हे.

हाताशी असलेल्या गोष्टींची मोजदाद केली तर असे दिसते, की सोलापुरात विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, औषधे मिळतात, कायद्याचा आधार आहे, दोन मडकी आणि ओली वाळूही आहे. नसते ती फक्त सत्राच्या आरंभी झालेली नोंद. म्हणून विद्यार्थ्याला विनंती अशी, की महाविद्यालय सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात आपल्या उपचारांच्या तारखा आणि गरजा एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या सहीने द्याव्यात. पेपर बुडाल्यावर दिलेले पत्र सबब ठरते, आधी दिलेले पत्र नियोजन ठरते. आणि प्राचार्यांना विनंती अशी, की तो कागद फायलीत न ठेवता परीक्षा विभागापर्यंत पोहोचवावा.